कुस्ती सांगणारा

निजामाच्या अमलातली गोष्ट. लिंबागणेशच्या जत्रेत कुस्त्या लागल्या की एक काटकुळा माणूस बैलगाडीवर उभा राहायचा. मागच्यांना फड दिसत नसे, म्हणून तो त्यांना कुस्ती ओरडून सांगायचा. एक हात कानावर, दुसऱ्यानं हवेतच डाव. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. कावून विचारू? कुस्ती मारायची मी आणि वाहवा त्याची!

त्या वर्षी मी दिंद्रुडचा पैलवान चीत केला. फेटा मला बांधला, पण गर्दी त्याच्या गाडीभोवती.

मी तरातरा गेलो. "धोबीपछाड मी टाकलाच न्हाई. तुमी खोटं कावून सांगितलं?"

तो घसा खाकरून म्हणाला, "पैलवान, नुसती रेटारेटी चाललती. लोकं उठून गेली असती."

बायका फडाकडं येत नसत. माझी बायको देवळामागून ऐकत होती. घरी तिनं माझीच कुस्ती मला सांगितली, त्याच्या शब्दांत, एक हात कानावर ठेवून.

"लई देखणं लढला बघा तुमी," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या सुजलेल्या नाकावर गेली, आणि उरलेली कुस्ती तिनं डोळे मिटून सांगितली.