सात तळी आणि एक बांध

सदाशिव पहाटे गेला. गेल्या पौषातली गोष्ट. विषमज्वराने तो तीन आठवडे अंथरुणावर होता आणि शेवटच्या रात्री मी त्याच्या शहापूरच्या बिऱ्हाडीच होतो. त्यामुळे ही बातमी माझ्याकडे आली नाही, ती मलाच न्यावी लागली. वहिनी डोळे पुसून म्हणाल्या, "दत्तूभाऊजी, थोरल्या भाऊजींना कळवा. ते आल्याशिवाय यांना हलवू नका." थोरले भाऊजी म्हणजे सदाशिवचा चुलतभाऊ भिवा. तो धसईजवळच्या त्यांच्या मूळ गावी शेती करतो. या दोन भावांत काही वर्षे बोलणे नव्हते, हे वहिनींना माझ्याइतकेच ठाऊक होते. मोटारीचा भरवसा नव्हता. ओसरीवर सदाशिवची सायकल भिंतीला टेकून उभी होती, तीच मी काढली. त्यांचे गाव शहापुराहून सुमारे पंचवीस मैल पडते. सुमारे म्हणतो, कारण शेवटच्या टप्प्यातली वाट शेतांतून जाते, आणि ती दर वर्षी थोडी सरकते.

सदाशिव शाळामास्तर होता आणि मी भाताच्या गिरणीत हिशेबनीस. आमची ओळख सायकलीमुळे झाली. लढाईच्या बरीच वर्षे आधी आम्ही दोघांनी एकाच दुकानातून जुन्या सायकली घेतल्या होत्या, आणि त्या वारंवार बिघडत असल्यामुळे दुकानदाराच्या फळीवर आम्ही वारंवार भेटत असू. पुढे दिवाळी झाली की रविवारी सायकली घेऊन बाहेर पडायचे, ते होळीपर्यंत, असा परिपाठ पडला. लोक सायकलीवर कामाला जात, आम्ही नुसते फिरायला जातो हे गावात कोणाला पटत नसे. फेऱ्या सदाशिव ठरवी. त्याचे नियम दोनच. प्रत्येक फेरीत पाणी लागले पाहिजे, आणि गेलेल्या वाटेने परत यायचे नाही. पहिल्या नियमाला आमच्या मुलखात अडचण नाही. तानसाचा तलाव आहे, शिवाय दर दोन-चार मैलांवर एखादे गावतळे असतेच. तानसावर पाण्यात हात घालायला पहारेकरी मनाई करी, तरी वर्षातून एकदा तिकडची फेरी असे. "मुंबईवाले आपलं पाणी पितात," सदाशिव म्हणे, "आपण निदान बघून तरी येऊ." मग धरणाच्या खालच्या बाजूला त्या अवाढव्य नळाच्या सावलीत बसून आम्ही भाकरी खात असू. आत पाणी वाहते आहे हे नळाला पाठ टेकली की कळे.

मला मैलांचा नाद. कुठून कुठे किती झाले, चढ किती, परतायला काय वेळ लागेल, हे मी बोलत राही. तो एखाद्या तळ्याच्या काठी उतरून तोंड धूत असे आणि म्हणे, "दत्तू, मैल मोजून तहान भागते का रे?" पण वेळेवर घरी पोचायचे असले की मलाच विचारी. लढाईत टायर मिळेनासे झाले तेव्हा माझी सायकल माळ्यावर गेली आणि मी त्याच्या मागे कॅरिअरवर बसू लागलो. चढाला मी उतरायचे आणि उताराला बसायचे, असा करार झाला. त्याच्या मागच्या टायरात एकदा भोक पडले आणि नवी ट्यूब मिळेना, तेव्हा आम्ही आत भाताचा पेंढा कोंबला आणि किन्हवलीहून घरापर्यंत तसेच आलो. प्रत्येक खळगा कंबरेला कळत होता. "बैल असता तर हाच पेंढा खाऊन आपल्याला ओढत घेऊन गेला असता," तो म्हणाला.

सगळ्यांत लांबची फेरी सात तळ्यांची. किन्हवलीवरून काळू नदीच्या उथळ उतारातून पलीकडे सरळगाव, तिथून धसई, आणि पुढे सदाशिवच्या गावचे तळे, ते सातवे. त्या तळ्याच्या खालून आडवे गेले की घाटाकडे जाणारी वैशाखऱ्याची सडक लागते, आणि तिने फेरी पुरी होते. हे आडवे जाणेच अवघड होते. आमच्याकडे भात खळ्यावर गेले की जो तो आपल्या बांधाला गाडीपुरती खांड पाडतो. त्या खांडींमधून शेतांतली गाडीवाट तयार होते आणि मृगाच्या आधी ज्याने त्याने आपली खांड बुजवायची असते. यात कोणी कोणाला विचारत नाही. विचारावे लागले तर काहीतरी बिनसले आहे असे समजावे. खांड न पाडणे म्हणजे, बोलायचे नाही, हे मातीने सांगणे. सदाशिवच्या गावी तळ्याखालचे भाताचे खाचर भिवाचे, त्याचा बांध कमरेइतका उंच, आणि त्या बांधाला भिवाने खांड पाडायची थांबवली होती. वर बोरीच्या काट्या टाकल्या होत्या.

कारण सदाशिवनेच दिले होते. वाटण्या झाल्या तेव्हा त्याच्या वाट्याला एक चांगले खाचर आले. मास्तर शहापुरात राहणार, मग ते भिवानेच कसावे, हे सगळे गृहीत धरून होते. सदाशिवने विचार केला की भावाला अर्धेलीने, निम्म्या पिकाच्या बोलीवर, दिले तर सुगीला मापावरून वाद होणार. त्यापेक्षा परक्याला द्यावे, म्हणजे भावाभावांत गोडी राहील. त्याने ते वैशाखऱ्याच्या एका माणसाला दिले. वाद टाळण्यासाठी केलेल्या गोष्टीने वाद झाला. भिवा मला एकदा धसईच्या बाजारात म्हणाला, "हिशेबात तुमी हुशार, सांगा तुमी. घरातलं खाचर, आन् नांगर परक्याचा. मी काय मेलो होतो?" मी सदाशिवला हे जसेच्या तसे सांगितले. तो म्हणाला, "त्याचं बरोबर आहे." पण दिलेले खाचर मध्येच काढून घेणे त्याला जमेना, आणि जाऊन भिवाशी बोलणेही जमेना. विषय दर वर्षी पुढच्या सुगीवर जाई.

फेरी मात्र त्याने सोडली नाही. भिवाच्या अंगणावरूनच वाट होती. पडवीत भिवाची आई बसलेली असे. आई लवकर गेलेल्या सदाशिवला याच काकीने वाढवलेले. ती हाक मारी, "सदू, च्या घेऊन जा रं!" तो सायकलीवरून न उतरता म्हणे, "उशीर होतोय काकी." उशीर मुळीच होत नसे, हे मी खात्रीने सांगू शकतो. भिवा अंगणात असला तर गाईला ऐकवल्यासारखा बोले, "तळी मोजतायत मास्तर. मोजून भरली का कोनाची?" मग सदाशिव बांधापाशी उतरे, काट्या बाजूला सारी, सायकल खांद्यावर घेई, पलीकडे उतरे आणि काट्या होत्या तशा परत ठेवी. दांडा खांद्याला रुतू नये म्हणून त्याने त्याला गोणपाटाची पट्टी गुंडाळून सुतळीने आवळली होती. "इथूनच धसईला मागे फिरू," असे मी एकदा सुचवले. "मग परत त्याच वाटेने," तो म्हणाला. आणि काट्या बाजूला सारताना म्हणाला, "वर्षातनं एकदा काकी दिसते रे."

त्या पौषातल्या सकाळी मी मात्र उलट बाजूने, सडकेने गेलो. सडक पक्की, वेळ कमी लागेल, बांध शेवटी ओलांडावा लागेल तो लागेल, असा हिशेब केला. तळ्यापाशी उतरलो, सवयीने गोणपाटाला हात घातला, सायकल खांद्यावर घेतली, आणि मग समोर पाहिले. बांधाला खांड पडलेली होती. एक गाडी नीट जाईल एवढी. कापलेली माती अजून ओली होती आणि बोरीच्या काट्या कडेला रचून ठेवल्या होत्या. मी सायकल खाली ठेवली आणि हातात धरून आत गेलो.

अंगणात गाडी उभी होती. तिच्यात पेंढा पसरून वर घोंगडी अंथरली होती. भिवा बैलांना पाणी दाखवून परत येत होता. त्याने आधी सायकल पाहिली, मग मला. "मास्तर कुठंय?" मी सांगितले. याला दुसरे शब्द नसतात. तो गाडीच्या जुवावर बसला. म्हणाला, "बाजारात कळलं, मास्तर पडून हाय. आई म्हनली, घरी आन त्याला. धसईच्या वाटेनं दनके बसतात, म्हून सडकेनं आनायचा होता. काल खांड पाडली. आज निघत होतो..." तेवढ्यात काकी दारात आल्या. त्यांना लांबचे नीट दिसत नाही. सायकल तेवढी दिसली असावी. त्या आत वळून सुनेला म्हणाल्या, "च्या टाक गो. सदू आला."

काकींना भिवाने आत जाऊन सांगितले. मी बाहेर थांबलो.

बैलगाडीने वेळेत पोचणे शक्य नव्हते. भिवा सायकलीवर कधी बसलेला नव्हता, तो माझ्या मागे कॅरिअरवर बसला. धसईत सोयऱ्यांना सांगून जायचे होते, म्हणून तिकडून निघालो. पहिला चढ आला तेव्हा मी काही बोलायच्या आत तो उतरला आणि उताराला पुन्हा बसला. दुपारी शहापुरात पोचलो. अग्नी सदाशिवच्या लहानग्या मुलाने दिला, भिवाने त्याचा हात धरला होता. सडकेने गेलो आणि धसईवरून आलो, म्हणजे गेलेल्या वाटेने परत आलो नाही, हे माझ्या ध्यानात दोन दिवसांनी आले.

मुलाचे पाय पायडलला पुरेपर्यंत सायकल माझ्याकडे ठेवा, असे वहिनी म्हणाल्या. खाचराचे काय करायचे ते त्या आणि भिवा बसून ठरवतील. परवा, फाल्गुनात, मी एकटाच सात तळ्यांची फेरी करून आलो. काकींनी हाक मारली आणि मी उतरून चहा घेतला. निघताना भिवा खांडीपर्यंत आला. मी दांड्यावरचे गोणपाट सोडायला घेतले. आता त्याचे काम उरले नव्हते, आणि त्यात धूळ फार बसते.

"राहू दे ते," भिवा म्हणाला. "मिरगाला बांध घालायचाच हाय. मग दिवाळीपतूर वाट बंद."

"पावसात सायकल घेऊन इकडे कोण येणार आहे?"

"मास्तर आला असता," तो म्हणाला.

मी सुतळी पुन्हा आवळून बांधली.