सालीचा रंग

दसरा होऊन गेला होता. सकाळी फाटकापाशी सायकल थांबली. आडवी बांधलेली शिडी, हँडलला टांगलेले डबे आणि कुंचे. कामठीचा रंगारी होता. आमच्याकडे तो पूर्वीही एकदोनदा येऊन गेला होता.

"बाई हायेत का घरी?" त्यानं बाहेरूनच विचारलं. "त्याईनं बलावलं होतं. पानी सरला का ये, म्हने."

माझी पत्नी श्रावणात गेली. ते वाक्य तोवर मी पुष्कळांशी बोललो होतो, पण भेटायला येणाऱ्यांना ते आधीच माहीत असायचं. काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला सांगायची वेळ पहिल्यांदाच आली. मी सांगितलं. तो सायकल तशीच धरून उभा राहिला.

"अरे बापा," तो म्हणाला. मग सायकल वळवत, "मंग साल झाल्यावर येतो, सर. सालात कोनी घराले रंग लावत नाही."

रीत मला माहीत होती. घरात कुणी गेलं की वर्षभर सण नाही, आणि सण नाही तर दिवाळीची रंगरंगोटीही नाही. पण तिच्या हातच्या गोष्टी घरातून एकेक करून संपत चालल्या होत्या. बरणीतलं लोणचं तळाला गेलं होतं, तिनं विणायला घेतलेला स्वेटर तिच्या बहिणीनं पुरा करून टाकला होता. तिनं ठरवलेलं आणि अजून व्हायचं असलेलं एवढं एकच काम उरलं होतं.

"तिनं सांगितलं तसं करून टाक," मी म्हणालो. "काय सांगितलं होतं?"

"ओसरीच्या कठड्याले जवसाचं तेल. अन् बाहेरून भिंतीईले संत्र्याच्या सालीचा रंग."

हे बोलणं झालं तेव्हा मी कॉलेजात शिकवत असणार. तिनं मला सांगितलं असेल तर माझ्या लक्षात नव्हतं.

पहिल्या दिवशी त्यानं कठडा घेतला. सागवानी कठडा ऊनपावसानं राखेसारखा झाला होता. तो घासून त्यानं चिंधीनं कोमट तेल चोळलं, तसं लाकूड पुन्हा तांबूस दिसू लागलं. मी खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसलो होतो. पान उलटलं नाही. पण घरात दुसऱ्या माणसाच्या हालचालीचा आवाज होता, तो बरा वाटत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं चुन्यात पिवळी पिवडी आणि तांबडा गेरू कालवला आणि फाटकाजवळच्या भिंतीवर हातभर पट्टा ओढला. मी पाहतच राहिलो. झगझगीत नारिंगी.

"हा नाही," मी म्हणालो. "सालीचा म्हणजे आतल्या बाजूचा. पांढऱ्यावर किंचित पिवळसर."

"नाही सर. बाई इथीच बसून संत्रं सोलून राहिल्या होत्या. साल दाखवून म्हने, असा पाह्यजे."

"कुठली बाजू दाखवली?"

तो विचारात पडला. आपला पंजा त्यानं सालीसारखा वळवला, उलटा केला, सुलटा केला. "वरचीच असन," तो म्हणाला, पण आवाज पहिल्यासारखा पक्का नव्हता.

तिच्या साड्या आठवून पाहिल्या. सगळ्या फिक्या, सुती. पण त्या ती आवडीनं नेसायची की मी बहुधा तशाच आणायचो म्हणून, हे मला सांगता येईना. इतकी वर्षं एका घरात काढून मला तिचा आवडता रंग ठाऊक नव्हता, आणि विचारायला घरात कुणी नव्हतं.

तेवढ्यात शेजारच्या काकू कुंपणाशी आल्या. त्यांनी रंगाऱ्यालाच धरलं. "काहून गा, सालाच्या आत रंग?"

"आतला नाही वं माय, वरचा!" तो तिथूनच ओरडला. "आतला तं सर म्हनून राहिले!"

"कशाच्या वरचा?"

"सालीच्या!"

"मी सालाचं म्हनून राहिली! बारा महिन्याच्या सालाचं! कान कामठीले ठेवून आला का?"

रंगारी हसू दाबायला भिंतीकडे वळला. मला हसू आलं आणि मी मागे दाराकडे पाहिलं. असला किस्सा तिनं आठ दिवस पुरवला असता, दोघांचेही आवाज काढून. दारात कुणी नव्हतं. काकूंनी माझं पाहणं पाहिलं असावं, कारण त्यांचा आवाज उतरला.

"रंगाचं काय अडलं, भाऊ?"

मी सांगितलं. त्यांनी पट्ट्याकडे पाहिलं, मग उरलेल्या पांढऱ्या भिंतीकडे.

"मले तं थे एवढंच म्हने, का काकू, आमचं घर पाहा, सरकारी दवाखान्यावानी दिसते. कोनी आजारी नसलं तरी."

मला ती हे कधीच म्हणाली नव्हती. घर पांढरं होतं ते माझ्या पसंतीनं. आतल्या सालीचा रंग म्हणजे पुन्हा जवळजवळ तोच पांढरा.

"वरचाच लाव," मी रंगाऱ्याला सांगितलं.

दुपारी काकूंनी रंगाऱ्यासाठी आणि माझ्यासाठी चहा पाठवला.

चुना वाळला की रंग उतरतो, असं म्हणतात. हा फारसा उतरला नाही. येणारेजाणारे थांबून बघत. नातेवाइकांपैकी एकानं तर, अजून वर्षही झालं नाही, असं मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हटलं. मला स्वतःला तो रंग भडकच वाटे. दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेजातून परतताना गल्लीच्या तोंडावरून घर दिसायचं, उन्हं कलली की जास्तच. इतकं उजळ घर पाहून, आत कुणी असल्यासारखा, मी भराभरा चालू लागायचो, आणि फाटकाशी पोचल्यावर खिशात किल्ली चाचपायचो.