बिनचिठ्ठीच्या चार बाटल्या

आमच्या कोठीवाल्यांचा सख्ख्या भावावरही विश्वास नव्हता. नगरपालिकेच्या बेवारस मालाच्या कोठीत त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढलीत मी, म्हणून सांगते. रस्त्यात, बसमध्ये विसरलेलं सगळं आमच्याकडे यायचं. नासणारं फ्रिजमध्ये ठेवायचं आणि संध्याकाळपर्यंत मालक आला नाही तर खड्ड्यात पुरायचं. अ‍ॅसिड, कीटकनाशक असलं धोक्याचं मागच्या अंगणात, पत्र्याच्या पिंजऱ्यात. कुठलं कुठे, हे कोठीवाले ठरवायचे. वहिनी म्हणायच्या, "घरी भाजीचासुद्धा पंचनामा होतो हो!"

त्या दिवशी सकाळी बसच्या कंडक्टरने एक कापडी पिशवी आणून टाकली. आत बर्फात ठेवलेल्या चार बाटल्या, पांढरं काहीतरी भरलेलं, वर चिठ्ठी नाही.

"दूध दिसतंय. फ्रिजमध्ये ठेवू?" मी विचारलं.

"दिसतंय? दिसतं तसं नसतं, बाई. बिनचिठ्ठीचं ते धोक्याचं. हुंगून नाक जाळून घ्यायचंय का?"

नियम तसाच होता, कबूल. मी दोनदा बोलून पाहिलं. बाटल्या उन्हात, पत्र्याखाली गेल्या.

दुपारी एक तरुण धापा टाकत आला. पिशवी बसमध्ये राहिली म्हणाला.

"आत काय होतं?" कोठीवाल्यांनी विचारलं.

"दूध."

"कसलं? गाईचं, म्हशीचं?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. कोठीवाल्यांनी मला डोळ्यांनी खुणावलं. चोराच्या मनात चांदणं!

"कुठल्या दुकानातलं?"

"दुकानातलं नाही हो."

"मग काय आकाशातून पडलं?"

खोटं कशाला बोलू, तोवर मलाही त्याचा संशय यायला लागला होता.

शेवटी तो ओरडलाच. "बायकोचं आहे! बाळ सातव्या महिन्यात झालंय, मोठ्या दवाखान्यात काचेच्या पेटीत आहे. ती इथल्या दवाखान्यात पडून आहे, तिला हलवता येत नाही. डॉक्टर म्हणतात, जगवायचं तर आईचंच दूध हवं. रोज मी पोचवतो."

कोठीवाले धावले. नऊ वर्षांत मी त्यांना धावताना पाहिलं नव्हतं. पिंजऱ्याच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. एकेक झाकण उघडून त्यांनी नाक लावलं. चौथ्या बाटलीपर्यंत मी देवाला हात जोडून उभी होते.

"नासलं," ते म्हणाले. "मी नासवलं."

मला वाटलं, हा आता त्यांची गचांडी धरणार. धरली असती तर बरं वाटलं असतं.

"ओतून टाका," तो म्हणाला. "पण बाटल्या द्या. ती रोज रिकाम्या बाटल्या बघते. प्यायलं माझं लेकरू, म्हणते, आणि मगच दोन घास खाते."

मी हात पुढे केला, पण कोठीवाल्यांनी बाटल्या दिल्या नाहीत. स्वतः नळाखाली बसले. धुतल्या, हुंगल्या, परत धुतल्या. तो म्हणाला, "पुरे हो, काका. बस चुकेल."

"थांब रे बाबा," कोठीवाले म्हणाले. "वास राहिला तर तिला संशय येईल."