होडीचं जुनं इंजिन अन् पतंगाचा कागद

बायांनो, आज काय झालं ते ऐका!

सासऱ्यांनी इंग्रजांच्या राज्यात घेतलेलं होडीचं इंजिन आज आमच्या ह्यांनी चालू करायला काढलं. त्यात ठिणगी जरा आधी पडली तर चालू करायची दोरी उलटा झटका देती. मागं तसंच ह्यांचं मनगट मोडलंवतं.

ठिणगी पाडणाऱ्या दोन टिकल्यांच्या फटीत मी पतंगाचा पातळ कागद धरला. आमच्या लोणावळ्यात चिक्कीचा कागद लय, पण तो जाड पडतो. हे त्या टिकल्यांची चकती हळूहळू फिरवत व्हते. टिकल्या उघडल्या की ठिणगी पडती अन् कागद सुटतो. कागद सैल झाला की मी सांगायचं, मग हे चकती तितंच ठेवून स्क्रू आवळणार.

"सुटला!" मी वरडले.

ह्यांनी स्क्रू आवळून दोरी वढली. मी डोळे मिटले.

इंजिन फटफटलं! मनगट शाबूत!

हे म्हनाले, "चाळीस वर्सांत आज पयल्यांदा येळेवर बोललीस."

ह्याला कौतुक म्हनायचं का टोमणा, तुमीच सांगा.