सावलीची सव्वा मूठ

गिरधर फोटोवाला नाकाला फार जपायचा. धुळ्यात गल्लीच्या तोंडाशी एवढंसं दुकान, पण ऐट अशी की पागोटं वाकडं दिसलं तर पाटलालाही तो 'आधी नीट बांधा, मग बसा' म्हणायचा. अशा माणसाच्या हातून घडू नये ती चूक घडली, आणि त्या चुकीचे उपकार तो जन्मभर मानत राहिला.

दर श्रावणात शिंदखेड्याच्या हिलाल आबांकडून त्याला बोलावणं यायचं. आबांच्या घरी एका रविवारी कानबाई, खानदेशातली कुळाची देवी, बसायची. त्या रविवारी रेल्वेतले, गिरणीतले, शेतातले, सगळे भाऊ-पुतणे एका अंगणात जमायचे आणि आबा म्हणायचे, "बठ्ठा घर शेतस. काढ फोटो."

फोटो झाला की गिरधर गाशा गुंडाळायचा, कारण पुढची पंगत रोटांची. घरच्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजायचा, दळायचा आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनीच संपवायचे. परक्याला त्यातला घास नाही. आबांना वाईट वाटायचं, पण कुळाचार तो कुळाचार. गिरधर मारुतीच्या ओट्यावर बांधून आणलेली भाकरी खायचा आणि सर्विस मोटारीची वाट बघत बसायचा.

त्याचा जीव मात्र त्या रोटांत अडकलेला. चवीपायी नव्हे हो. सन अठराच्या तापात चाळीसगावचं त्याचं घरच्या घर गेलं. आई, बाप, चुलते, कुणी उरलं नाही. घरची कानबाई तेव्हाच बंद पडली. एकट्यानं रोट कुणाबरोबर खायचे? आयुष्यात एकदा तरी रोटांच्या पंगतीत आपलं पान मांडलं जावं, एवढी एकच हाव त्याच्या पोटात होती. पण ही काही मागून मिळणारी गोष्ट नव्हती, म्हणून त्यानं ती कधी तोंडातून काढली नाही.

एका वर्षी फोटोच्या वेळी सकाळचं ऊन नेमकं त्याच्या पाठीवर आलं. ढग येताहेत म्हणून त्यानं घाई केली, आणि काळं कापड डोक्यावर घेऊन वाकलेल्या गिरधरची स्वतःचीच सावली पुढच्या रांगेच्या पायाशी पडली. दुकानात फोटोची काच धुतली तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. फोटोवाल्याची सावली फोटोत म्हणजे नाकच कापलं की. तो आबांना म्हणाला, "हा फेकून द्या, फुकट दुसरा काढून देतो." आबा कसले ऐकतात. सगळ्यांचे डोळे उघडे आलेत हेच पुष्कळ, म्हणून त्यांनी तो चौकटीत घालून भिंतीवर लावला.

पुढच्या श्रावणात गहू मोजायला बसल्या सुंदरबाई, आबांची बायको. एवढा गोतावळा तोंडपाठ कुठून राहणार? त्यांनी भिंतीवरचा फोटोच काढून मांडीवर घेतला. एकेका पागोट्यावर बोट ठेवायचं आणि मूठ टाकायची. डोळे अधू झालेले. अगदी पुढं कुणीतरी घोंगडी पांघरून वाकून बसल्यासारखं त्यांना दिसलं. असेल एखादा पुतण्या, हिवतापानं कुडकुडणारा, असं म्हणून त्याचीही सव्वा मूठ पडली.

रविवारी पानं मांडताना सुनांचा मेळ बसेना. मुठी जास्त, माणसं कमी. फोटो बाहेर अंगणात आणला. तिथं गिरधर कॅमेऱ्याची तिकाटी उभी करत होता. सुंदरबाईंनी सावलीवर बोट टेकलं. "मंग हाऊ कोन शे?"

गिरधरचे कान तापले. "अक्का, ते कुणी नाही. माझी सावली आहे ती."

पोरं फिदीफिदी हसली. आबा हसले नाहीत. देवीच्या नावानं मोजलेली मूठ परत काढता येत नाही, आणि एकाच्या नावाचं दुसऱ्याला खाता येत नाही. आपल्यापायी यांच्या सणाला विघ्न आलं, असं वाटून गिरधर तिकाटी मिटू लागला. बोलावणं आता कायमचं बंद, हे तो धरूनच चालला होता.

आबांनी त्याचा हात धरला. "मूठ मोजाई गई ना? मंग तो आपलाच शे. मांडा पान."

झालं. आबांच्या शेजारी गिरधरचं पान मांडलं गेलं. त्यानं पहिला घास घेतला. पाटलांना दटावणारा तो गडी सगळ्यांदेखत रडला, आणि सुंदरबाई त्याला तूप वाढत राहिल्या.

त्या वर्षी फोटो जेवणानंतर निघाला. आबा त्याला कापडामागं जाऊच देईनात; तोही रांगेतच हवा. मग त्यानं कॅमेऱ्याला लांब रबरी नळी जोडली, तिच्या टोकाचा, दाबला की फोटो निघणारा फुगा मुठीत धरला आणि रांगेच्या कडेला बसून दाबला.

पुढं दर श्रावणात त्याच्या नावानं सव्वा मूठ पडत राहिली. इंग्रज गेला त्या वर्षीसुद्धा. तोवर सुंदरबाईंना माणसांची तोंडं ओळखू येईनाशी झाली होती. पण फोटो मांडीवर घेतला की सगळ्यांच्या गुडघ्यावर पसरलेल्या हातांवरून त्यांचं बोट फिरायचं आणि एका मिटलेल्या हातापाशी थांबायचं.

"हाई देखा गिरधरनी मूठ," त्या सुनांना सांगायच्या, "घट्ट धरेल शे."