निळ्यातला कोणता निळा

परवा बर्नाबीहून एका मराठी मुलाचा फोन आला. "काकू, साहेब आहेत का? एका रॉकेटचा फोटो पाठवलाय. निळा रंग ओरिजिनल आहे की कुणी नंतर मारलाय, एवढंच विचारायचं होतं." मी म्हटलं, "अरे, ते गेले. महिना होऊन गेला." पलीकडे पोरगा एकदम रडायलाच लागला. ज्याला कधी पाहिलंही नाही त्याची समजूत घालत मी किचनमध्ये उभी! फोन ठेवला, तेव्हा माझी समजूत घालायला घरात कोणी नव्हतं.

साहेब म्हणजे प्रभाकर, माझे यजमान. मूळचे नागपूरचे, आयुष्यभर गाड्यांच्या रंगाच्या कारखान्यात. आम्ही राहतो लंडनला. कॅनडातल्या, ओंटारिओच्या, बरं का, नागपूरच्या नातेवाइकांना अजून वाटतं आम्ही राजवाड्याच्या शेजारी राहतो. रिटायर झाल्यावर लोक गोल्फ खेळतात, टोमॅटो लावतात. आमच्या ह्यांनी बेसमेंट रॉकेटांनी भरलं. खरी नव्हेत हो, सैनिक नेम धरायला शिकताना उडवतात ती सरावाची. आता नुसत्या रिकाम्या नळ्या. हे त्यांचे रंग आणि त्यावरचे पट्टे, अक्षरं ओळखायचे. निळं अंग म्हणजे सरावाचं. पिवळा पट्टा म्हणजे आत स्फोटक. तपकिरी पट्टा म्हणजे आत जळणारं काहीतरी आहे. देश बदलला, काळ बदलला की छटा बदलते, आणि दुकानदार जुन्या नळीला नवा रंग फासून विकतात. जगभरचे शौकीन ह्यांना फोटो पाठवून विचारायचे. चौदा एप्रिलच्या जयंतीला आमच्या मंडळातली माणसं जेवायला आली की खाली डोकावून म्हणायची, "वा सर, रॉकेटंसुद्धा निळी करून टाकलीत!" हे छाती फुगवून म्हणायचे, "मी नाही केली, आर्मीनंच केली."

मग शुगरनं डोळ्यांचा पडदा खाल्ला. आधी निळा गेला. मोरपंखी आणि राखाडी त्यांना एकच दिसायला लागलं... रंगावर जगलेला माणूस तो, चार दिवस जेवला नाही नीट. पाचव्या दिवशी मला हाक मारली, "खाली ये जरा. हा कोणता निळा आहे, सांग." आता मला काय ठाऊक आर्मीचे रंग? मला येतात साड्यांचे. म्हटलं, "चिंतामणी. काठाकडे थोडा विटलेला." हे नळीच्या काठावरून बोट फिरवत म्हणाले, "म्हणजे ओरिजिनल आहे." तेव्हापासून तीच रीत पडली. मी रंग सांगायचा, त्याचा अर्थ ह्यांनी लावायचा. उगाच गोड बोललेलं त्यांना चालायचं नाही. "तुला दिसतं तेच सांग, मला बरं वाटेल ते नको," असं दटावायचे.

एकदा मात्र मी घोळ घातला. नव्या आलेल्या नळीवर बोट ठेवून म्हटलं, "अहो, इथे आमसुली पट्टा आहे." तपकिरीच्या इतक्या जवळचा शब्द! हे ताडकन उठले. मला, मुलाला, सुनेला अंगावरच्या कपड्यांनिशी बाहेर बर्फात काढलं. सून म्हणतेय, "Baba, my slippers!" पण हे ऐकतील तर शपथ. मग मुलानं, अमितनं, फोनवर काढलेला फोटो मोठा करून बघितला, तर रंगाचे पोपडे उडून खालचा लाल प्रायमर दिसत होता. तेवढंच. मी चिडले, "आता ह्या वयात निमोनियानं मारा आम्हाला!" हे बर्फात उभं राहून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "तू आमसुली म्हणालीस ना, मग मी रिस्क कशी घेऊ?"

शेवटी हृदयच थकलं. हॉस्पिटलमध्ये त्या सकाळी ह्यांना काहीच दिसत नव्हतं. अमित ऑफिसचा कोट घालून पलंगाशी उभा. "बाबा, you look good today, खरंच," म्हणाला. बिचारा, दुसरं काय म्हणणार? हे हसले आणि माझ्या दिशेला मान वळवली. "तू सांग. कोणता रंग आहे माझा?"

काय सांगू हो मी... पंचेचाळीस वर्षांचा संसार आणि हा प्रश्न! गुलाबी म्हणावं, गव्हाळ म्हणावं, असं जिभेच्या टोकावर आलं होतं. पण हा माणूस माझ्या शब्दावर पोराबाळांना बर्फात काढणारा. म्हटलं, "राखाडी आहे. ओठांपाशी जांभळट."

"फिकट की गडद?"

"गडद."

माझा हात धरला. मग हळूच म्हणाले, "मग आज अमितला ऑफिसला जाऊ देऊ नकोस."

अमित थांबला. दुपारी हे गेले तेव्हा एक हात त्याच्या हातात होता, एक माझ्या.

बेसमेंट अजून तसंच आहे. मी खाली जाते, दिवा लावते, एकेका नळीवरची धूळ पुसते. सवयीनं तोंडातून रंग निघतो, मोठ्यानं. आणि मग मी थांबते... कारण पुढचं वाक्य नेहमी त्यांचं असायचं.