सहा आवाज, एक कान

माझी मामी ध्वनी-संकलक होती. सिनेमातले आवाज कापायचे, जोडायचे, साफ करायचे आणि शेवटी एकत्र मिसळायचे, हे तिचं काम. एका छोट्या स्टुडिओत, खिडकी नसलेल्या खोलीत ती दिवसभर बसायची. मामा म्हणायचा, "हिच्या कानातून डास सुटत नाही आणि माझी हाक मात्र नेमकी सुटते."

एका सकाळी तिनं फोन उजव्या कानाला लावला तर पलीकडून काहीच ऐकू येईना. तिनं फोनला दोन शिव्या घातल्या, तो आपटला आणि सहज डाव्या कानाकडे नेला. तिची आई स्पष्ट बोलत होती, "अगं, ऐकतेयस ना?"

कानाच्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, गोळ्या दिल्या, पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी त्यांनी सांगितलं, की आतली नस गेली आहे, उजवा कान परत येणार नाही. डावा अगदी ठणठणीत होता. घरी येताना रिक्षात मामा तिच्या उजव्या बाजूला बसून धीर देत होता. अर्ध्या वाटेवर त्याच्या लक्षात आलं, की तिला त्यातलं काहीच ऐकू आलेलं नाही. रिक्षा थांबवून तो डाव्या बाजूला येऊन बसला. मामी म्हणाली, "आता एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायचीही सोय राहिली नाही बघ." मामा हसला.

स्टुडिओचे मालक वाईट नव्हते. त्यांनी तिला काढलं नाही, बाहेरच्या टेबलावर बसवलं. कुणाला कोणती खोली कधी हवी ते ठरवायचं, पाहुण्यांना चहा विचारायचा. आतल्या जाड दारापलीकडून काम चालल्याचा मंद घुमारा यायचा आणि मामी पेन्सिलीला टोक काढत बसायची. आम्ही विचारलं, की "चालेल" म्हणायची. तिचं "चालेल" आम्हाला ठाऊक होतं. त्याचा अर्थ "मुळीच चालणार नाही" असा असायचा.

मग एक काम आलं. काचेच्या कारखान्यावरचा एक जुना माहितीपट दुसऱ्या भाषेत न्यायचा होता. त्यासाठी माणसांचं बोलणं काढून नवं घालायला हवं, आणि भट्टी, गाड्या, संगीत हे सगळं तसंच राहायला हवं. पण मूळचे सुटे आवाज ज्या डिस्कवर होते ती कधीच बंद पडली होती. हाती होती फक्त तयार सिनेमाची एकच फाईल. थिएटरात समोरून, बाजूनं, मागून घुमणारे सहा आवाज त्या एका फाईलमध्ये गुंडाळलेले होते.

मामी मालकांच्या खोलीत गेली. "हे मला द्या."

"अहो, सराउंडचं काम आहे. दोन कानांच्या माणसालाही जड जातं."

"सगळे एकदम वाजले तर मला जडच जाईल. पण आधी सहाही वेगळे करायचेत ना? मग मी एका वेळी एकच ऐकणार. एका ट्रॅकला एक कान पुरतो."

मालकांनी मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून हे कळण्याआधीच मामी आत जाऊन खुर्चीत बसली होती.

फाईल फोडणं कॉम्प्युटरचं काम, ते क्षणात झालं. सहा सुटे ट्रॅक समोर आले. पण कॉम्प्युटरनं त्यांना दिलेली नावं भरवशाची नव्हती. 'मधला' म्हणून जो होता त्यात बोलणं नव्हतंच, नुसती व्हायोलिनं होती. बोलणं भलत्याच नावाखाली सापडलं. तिनं एकेक ट्रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला आणि स्वतः नावं दिली. खर्जाचा ट्रॅक कानाला जवळजवळ रिकामाच लागत होता, म्हणून तिनं स्पीकरवर तळहात ठेवला. भट्टीचं दार आपटलं की हाताला धक्का बसायचा. बोलण्यामागून जिथं भट्टीची घरघर ऐकू येत होती, तिथं बोलणं काढल्यावर भोक पडायचं. ती भोकं तिनं मागच्या ट्रॅकमधल्या घरघरीनं एकेक करून बुजवली. मानेला रग लागायची. डावा कान संध्याकाळपर्यंत तापायचा. घरी आल्यावर टीव्ही लावायला कुणाला परवानगी नव्हती.

काम झालं आणि ट्रॅक पुन्हा एकत्र मिसळायला मिक्सिंग करणाऱ्याकडे गेले. तो इतकं कमी बोलायचा, की सगळे त्याला मौनीबुवा म्हणत. दुपारी तो स्वतः उठून आला.

"ताई, गाडी पडद्यावर डावीकडून उजवीकडे जातेय. आवाज उलटा."

डाव्या-उजव्या ट्रॅकची तिनं अदलाबदल केली होती. सुटा ट्रॅक ऐकून तो कुठल्या बाजूचा हे कुणालाच कळत नाही. सगळे एकत्र वाजवले की दिशा कळते, आणि दिशा तिच्यासाठी संपली होती. मालक दारात उभे होते.

मामी स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आली. "उद्यापर्यंत द्या मला," ती म्हणाली.

तिनं चित्र लावलं आणि गाडीचा प्रसंग पुन्हा पुन्हा पाहिला. गाडी डावीकडून निघते, तर तिचा आवाज आधी डाव्या ट्रॅकमध्ये वाढायला हवा, उजव्यात नंतर. हा ट्रॅक ऐकला, तो ऐकला, चित्राशी ताडून पाहिला. दिशा ऐकू येत नसली तरी आधी-नंतर ऐकू येत होतं. मागच्या दोन ट्रॅकनाही तिनं हीच कसोटी लावली. मग प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात नाव बोलून ठेवलं: "पुढचा डावा." "मागचा उजवा." सहा स्पीकर लावलेल्या मोठ्या खोलीत जाऊन फाईल लावली आणि एकेका स्पीकरपाशी उभं राहून डावा कान त्याला टेकवला. ज्याच्या त्याच्या जागेवरून ज्याचं त्याचं नाव आलं.

मौनीबुवानं पुन्हा ऐकलं. "बरोबर," तो म्हणाला. त्याच्या हिशेबानं हे भाषण झालं.

पुढं फाईल फोडण्याचं, ट्रॅक साफ करण्याचं काम मामीकडेच येत राहिलं. शेवटचं मिक्सिंग मात्र तिनं परत कधी केलं नाही. ते तिचं सगळ्यात आवडतं काम होतं, आणि त्याचं दुःख गेलं असं ती कधी म्हणाली नाही.

नव्या भाषेतला माहितीपट दाखवला तेव्हा आम्ही सगळे गेलो होतो. एका म्हाताऱ्या कामगाराच्या बोलण्यावर हॉलमध्ये कुणीतरी खो-खो हसलं. मामीनं मामाचा हात दाबला.

"कुठून?"

"मागून. डावीकडून. एक जाडी बाई आहे."

"नीट ऐकू येतंय म्हणजे तिला," मामी म्हणाली, आणि पुढं बघू लागली.